एपिसोड २३ : गोमेद – काकवीच्या रंगाचा खडा आणि आईची पाटली

हेडफोन लावलेत? बसमध्ये असाल तर खिडकीची जागा पकडा, आजचा विषय जरा रंगीत आहे.

दर वेळेप्रमाणे हा एपिसोडचा लेखी मजकूर. बोलताना जे अडखळलो, 'अं... अं...' केलं, ते काढून टाकलंय. बाकी जसंच्या तसं.

आजचा विषय आहे गोमेद. म्हणजे नारिंगी गार्नेट. मी दगडांचा माणूस नाही, कोड लिहिणारा माणूस आहे. या दगडाच्या मागे मी का लागलो, ते आधी सांगतो.

जानेवारी २०२३ मध्ये माझी नोकरी गेली. सकाळी साडेनऊला लॅपटॉप उघडला तर लॉगिनच होईना. मग मेल आला. त्या महिन्यात असे मेल खूप जणांना आले, त्यामुळे माझी कहाणी काही वेगळी नाही. मी पुण्यात फ्लॅटवर, आई-बाबा कराडला. पहिले पंधरा दिवस मी घरी सांगितलंच नाही. सांगितलं तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "बरं, घरी येऊन राहा." आई काहीच बोलली नाही. ती पत्रिका घेऊन गुरुजींकडे गेली.

गुरुजी म्हणाले, राहूची महादशा आहे. विंशोत्तरी पद्धतीत माणसाची १२० वर्षं नऊ ग्रहांत वाटलेली असतात आणि त्यात राहूच्या वाट्याला येतात १८ वर्षं. म्हणजे माझी अजून बरीच बाकी! उपाय काय, तर सव्वासात रत्ती गोमेद, चांदीत, मधल्या बोटात, शनिवारी.

आईने तो आणला. पैसे कुठून आणले, ते मला नंतर कळलं. तिच्या पाटल्यांच्या जोडीतली एक पाटली तिने मोडली. बिलावर लिहिलेलं होतं 'सिलोनी गोमेद', किंमत २८,००० रुपये.

मी अंगठी घातली. आईसमोर नाही म्हणायची हिंमत नव्हती. आणि खरं सांगू? त्या दिवसांत मलाही कशाचा तरी आधार हवाच होता. जूनमध्ये नोकरी लागली. आई म्हणते गोमेदामुळे, मी म्हणतो रोज सहा तास प्रॉब्लेम सोडवले त्यामुळे. या वादाचा निकाल लागणार नाही, म्हणून तो सोडून देऊ. पण माझ्या बोटात दीड वर्ष जो दगड होता, तो नक्की आहे तरी काय, हे बघावंसं वाटलं. तिथून हा एपिसोड सुरू होतो.

एकच क्लास, अनेक ऑब्जेक्ट

गार्नेट हा एक दगड नाही, ते एक कुटुंब आहे. नाव आलं लॅटिनमधून, 'ग्रानातुम', म्हणजे दाणेदार. डाळिंबाचं लॅटिन नावही तेच. लाल गार्नेटचे खडे खरंच डाळिंबाच्या दाण्यांसारखे दिसतात.

आता आमच्या भाषेत सांगतो. समजा एक क्लास लिहिलाय. आतला सांगाडा पक्का आहे, सिलिकॉन आणि ऑक्सिजनचा. त्यात दोन व्हेरिएबल रिकामी ठेवलीत. पहिल्यात कॅल्शियम, मँगनीज, लोह किंवा मॅग्नेशियम बसू शकतं. दुसऱ्यात ॲल्युमिनियम, लोह किंवा क्रोमियम. व्हॅल्यू बदलली की रंग बदलतो, वजन बदलतं, नाव बदलतं. सांगाडा तोच राहतो.

पहिल्या जागी लोह आणि दुसऱ्या जागी ॲल्युमिनियम आलं की होतो गडद लाल अल्मंडाइन. याला आपल्याकडच्या बाजारात 'तामडा' म्हणतात. पहिल्या जागी कॅल्शियम आलं, तर ग्रॉस्युलर. शुद्ध ग्रॉस्युलरला रंगच नसतो. पण त्यात किंचित लोह आणि मँगनीज शिरलं की तो मधासारखा, दालचिनीसारखा नारिंगी-तपकिरी होतो. हाच हेसोनाइट, आपला गोमेद. आणि पहिल्या जागी मँगनीजच बसलं, तर स्पेसार्टाइन. याचा नारिंगी रंग बाहेरून आलेला नाही, तो त्याच्या घडणीतच आहे.

गंमत बघा. सराफाच्या दुकानात तामडा एका खणात असतो, गोमेद दुसऱ्या खणात. गिऱ्हाईकही वेगळं, भावही वेगळा. प्रयोगशाळेत मात्र दोघांचं आडनाव एकच.

गोमेद ओळखायची एक जुनी खूण आहे. भिंगातून आत बघितलं तर काहीतरी ढवळल्यासारखं दिसतं, जणू पाण्यात काकवी टाकून अर्धवटच हलवलीय. इंग्रज लोक याला त्यांच्याकडच्या उसाच्या पाकाची उपमा देतात. कराडकडच्या माणसाला काकवी वेगळी समजावून सांगावी लागत नाही! दगडाच्या आत दुसऱ्या खनिजांचे बारीक, गोलसर स्फटिक अडकलेले असतात, म्हणून असं दिसतं. हिऱ्यात असं काही दिसलं तर भाव पडतो. गोमेदात तीच अस्सलपणाची खूण.

नावात काय नाही?

'गोमेद' म्हणजे गो अधिक मेद, गाईची चरबी. रंगावरून नाव पडलं. आता रंगावरून नाव ठेवलं की काय होतं, ते ऐका.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोषाध्यक्षाच्या कामांचा अध्याय आहे. राजाच्या खजिन्यात काय यावं, ते कसं पारखावं, याची ती यादी. तिथे 'गोमेदक' आहे, पण वेगळं रत्न म्हणून नाही. तो 'वैडूर्य' या रत्नाचा एक रंगप्रकार म्हणून येतो. आणि हे वैडूर्य म्हणजे बेरिल, असं बरेच अभ्यासक मानतात. 'बेरिल' हा शब्दही वैडूर्याच्या प्राकृत रूपावरून ग्रीकमध्ये गेला आणि तिथून पुढे युरोपभर. म्हणजे कौटिल्याचा गोमेदक माझ्या अंगठीतलाच दगड असेल, असं अजिबात नाही.

पुढे सहाव्या शतकात वराहमिहिर. बृहत्संहितेत त्याने २२ रत्नांची नावं दिलीत, त्यात गोमेदक आहे. पण सविस्तर वर्णन फक्त चारांचं : हिरा, मोती, माणिक आणि पाचू. गोमेदाला एका शब्दाची जागा. आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. वराहमिहिर हा भारतातला सगळ्यात मोठ्या ज्योतिष्यांपैकी एक. त्याला ग्रह माहीत, रत्नं माहीत. तरी रत्नांच्या त्या अध्यायांत 'या ग्रहाला हे रत्न' असा आजचा नऊ ओळींचा तक्ता नाही. तो तक्ता आपल्याला भेटतो मध्ययुगात, जातकपारिजातासारख्या ग्रंथांत. सूर्याला माणिक, चंद्राला मोती, मंगळाला पोवळं, बुधाला पाचू, गुरूला पुष्कराज, शुक्राला हिरा, शनीला नीलम, राहूला गोमेद आणि केतूला वैडूर्य. आज आपण या शेवटच्याला लसण्या म्हणतो. म्हणजे वैडूर्यही बेरिलवरून सरकत सरकत लसण्यावर आलं!

हीच नवरत्नं समुद्रापार थायलंडला गेली. तिथे नवरत्नांच्या नावाचा एक राजसन्मानही आहे. थाई भाषेत 'कोमेन' म्हणजे आपलाच 'गोमेद' शब्द. पण तिथे कोमेन म्हणजे लाल गार्नेट. शब्द पोचला, रंग वाटेत बदलला.

आणि युरोप? तिथे नारिंगी खड्यांना 'हायसिंथ' किंवा 'जॅसिंथ' म्हणायचे आणि तो झिरकॉन आहे असं धरून चालायचे. एकोणिसाव्या शतकात आर्थर चर्च नावाच्या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की संग्रहांत जॅसिंथ म्हणून मिरवणारे बरेच खडे प्रत्यक्षात हेसोनाइट आहेत. हे कळतं कसं? सगळ्यात सोपं, वजन करून. झिरकॉन पाण्याच्या साधारण ४.६ पट जड असतो आणि हेसोनाइट साधारण ३.६ पट. सारख्याच आकाराचे दोन खडे तराजूत टाकले की खोटं उघडं पडतं.

हेसोनाइट हे नाव तरी कुठे मानाचं आहे? फ्रेंच खनिजशास्त्रज्ञ रने-झ्युस्त आऊई यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते ठेवलं. ग्रीकमध्ये 'हेसोन' म्हणजे कमी, दुय्यम. इतर गार्नेटपेक्षा याचं काठिण्य कमी आणि घनताही कमी, म्हणून. म्हणजे आपण ज्याला राहूसमोर उभं करतो, त्याचं पाळण्यातलं युरोपियन नाव 'कमअस्सल'!

जो ग्रहच नाही, त्याचा खडा

आता राहू. गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. समुद्रमंथन झालं, मोहिनी अमृत वाटत होती, एक असुर देवांच्या पंगतीत घुसला. सूर्य-चंद्रांनी चुगली केली, चक्र फिरलं, मुंडकं ते राहू आणि धड ते केतू. तेव्हापासून तो दोघांना गिळायला बघतो. आजीच्या लहानपणी ग्रहण लागलं की गल्लीत आरोळी यायची, "दे दान, सुटे गिराण!" आजी सांगायची, तेव्हा पोटात गोळा यायचा.

खगोलाच्या भाषेत चंद्राची कक्षा सूर्याच्या भासमान मार्गाशी साधारण ५ अंशांनी कललेली आहे. हे दोन मार्ग जिथे छेदतात ते दोन बिंदू म्हणजे राहू आणि केतू. तिथे दगड नाही, वायू नाही, काहीच नाही. निव्वळ भूमिती. अमावास्या किंवा पौर्णिमा या बिंदूंजवळ आली की ग्रहण होतं. हे बिंदूही सरकत असतात, त्यांची एक फेरी साधारण १८.६ वर्षांची. आणि ग्रहण सावलीमुळे होतं, हे आर्यभटाने इ. स. ४९९ च्या आर्यभटीयात लिहून ठेवलंय. चंद्रग्रहणात पृथ्वीची सावली, सूर्यग्रहणात चंद्र आडवा. म्हणजे दोन्ही गोष्टी आपल्याच घरातल्या : गणित करणारा आर्यभटही आणि दान मागणारी आरोळीही.

प्रतीक म्हणून बघितलं तर जोडी चपखल आहे. राहू म्हणजे धुरकट, गोंधळ, काय चाललंय ते न दिसणं. आणि त्याला दगड कुठला दिला? जो आतून ढवळलेला दिसतो तो. हे कुणी मुद्दाम ठरवलं असेल असा माझा दावा नाही. पण नोकरी गेल्यावर रात्री दोन वाजता अंगठीत बघत बसलो होतो तेव्हा वाटलं, माझं डोकं सध्या अगदी असंच आहे.

टाकाऊपासून 'मँडरिन'पर्यंत

आता किमतीकडे येऊ. नारिंगी गार्नेटचा भाव हा निसर्गाइतकाच नावाने ठरवलाय, याची दोन उदाहरणं देतो.

पहिलं उदाहरण पूर्व आफ्रिकेचं. टांझानिया आणि केनियाच्या सीमेवर उंबा नावाचं खोरं आहे. १९६० च्या दशकात तिथे लोक ऱ्होडोलाइट शोधत होते, जांभळट-लाल गार्नेट. त्यात मधेच गुलाबी-नारिंगी खडे यायचे. व्यापारी म्हणायचे, हे ऱ्होडोलाइट नाही, नको. त्या खड्यांना स्वाहिलीत नाव पडलं 'मलाया'. अर्थ जवळजवळ 'वाळीत टाकलेला', आणि बोलीत बाईला द्यायची शिवीही तीच. पुढे तपासल्यावर कळलं की हे पायरोप आणि स्पेसार्टाइनचं वेगळंच मिश्रण आहे, आणि सुंदर आहे. मग तेच टाकलेले खडे लोक शोधून शोधून घ्यायला लागले. नाव मात्र तेच राहिलं.

दुसरं उदाहरण स्पेसार्टाइनचं. जर्मनीतल्या बव्हेरियात स्पेसार्ट नावाचा डोंगराळ भाग आहे, त्यावरून १८३२ साली बदाँ या फ्रेंच खनिजशास्त्रज्ञाने हे नाव दिलं. पुढची दीडशे वर्षं हा दगड मुख्यतः संग्राहकांपुरता राहिला, कारण पैलू पाडण्याजोगा माल फार कमी निघायचा. मग १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला नामिबियात, अंगोलाच्या सीमेवरच्या कुनेने नदीच्या भागात, झगझगीत नारिंगी स्पेसार्टाइन सापडला. त्यात लोह खूप कमी, त्यामुळे लालसर-तपकिरी झाक नाही, थेट संत्र्याचा रंग. बाजाराने त्याला आधी एकदोन नावं लावून पाहिली. शेवटी चिकटलं ते 'मँडरिन'. संत्र्याचं नाव मिळालं आणि भाव चढला. नंतर नायजेरियात आणि टांझानियातही चांगला माल निघाला. आज चांगला मँडरिन गोमेदापेक्षा कितीतरी महाग असतो. पण राहूसाठी तो कुणी मागत नाही! पत्रिकेत 'गोमेद' लिहिलेलं असतं, तिथे संत्रं चालत नाही.

गोमेदाच्या बाजारात वजन आहे ते 'सिलोन' या शब्दाला. श्रीलंकेत रत्नपुरा नावाचा जिल्हाच आहे. तिथे भातखाचरांच्या खाली रत्नं असलेल्या खडीचा थर सापडतो, त्याला 'इल्लम' म्हणतात. विहिरीसारखा खड्डा खणायचा, बाजूंना लाकडाचा आधार द्यायचा, खडी वर काढायची आणि टोपलीत घालून पाण्यात घोळवायची. जड खडे तळाशी राहतात. नीलम, पुष्कराज, गोमेद सगळे एकाच टोपलीत. भारतातही, ओडिशात आणि तमिळनाडूत, गोमेद निघतो. आफ्रिकेतूनही येतो. पण गिऱ्हाइकाला 'सिलोनी' पाहिजे, म्हणून बिलावर 'सिलोनी' लिहिलं जातं.

माझ्या अंगठीचा रिपोर्ट

शेवटी मी अंगठी घेऊन प्रयोगशाळेत गेलो. खडा अंगठीतून काढावा लागला. दोन दिवसांनी कार्ड मिळालं : नैसर्गिक हेसोनाइट गार्नेट, वजन ६.६ कॅरट.

सुटलो! खरं तर मला काचेची भीती होती. नारिंगी काच पैशाला पासरी मिळते, आणि प्रकाशाच्या एका चाचणीत काच आणि गार्नेट सारखेच वागतात, दोघंही किरण दुभंगत नाहीत. फरक कळतो तो अपवर्तनांकावरून. हेसोनाइटचा साधारण १.७४, नेहमीच्या काचेचा बराच कमी.

पण वजनात मला बग दिसला. आजीकडून शिकलो होतो, ८ गुंजांचा मासा आणि १२ माशांचा तोळा. म्हणजे तोळ्यात ९६ गुंजा. तोळा ११.६६ ग्रॅमचा, मग गुंज झाली ०.१२ ग्रॅमची. गुंज म्हणजेच रत्ती. सव्वासात रत्तीचे होतात ०.८८ ग्रॅम, म्हणजे ४.४ कॅरट. कार्ड म्हणतंय ६.६! मग कळलं की खड्यांच्या बाजारात रत्ती वेगळी आहे, साधारण ०.१८ ग्रॅमची. सोन्याची रत्ती एक, खड्याची रत्ती दुसरी. युनिट न तपासता आकडे जोडल्यावर काय होतं ते आम्ही कॉलेजात शिकलो होतो. इथे अख्खा बाजार त्यावर चाललाय.

आता मुख्य प्रश्न. कार्डावर 'सिलोन' कुठेच नव्हतं. मी त्या सराफाकडे गेलो. विचारलं, "हा सिलोनीच कशावरून?" ते म्हणाले, "आमचा व्यापारी तसंच सांगतो." कागद? कागद नाही. तेवढ्याच वजनाचा, तशाच रंगाचा, कार्डासकट गोमेद दुसऱ्या दोन दुकानांत मला ९,००० च्या आत सांगितला. १९,००० रुपये त्या एका शब्दाचे. माझ्या आईच्या पाटलीतले.

मी चार दिवस आईला सांगितलं नाही. म्हटलं, कशाला तिचं समाधान मोडा. मग लक्षात आलं, जानेवारीत पंधरा दिवस गप्प राहून मी हेच केलं होतं, आणि ते तिला सगळ्यात जास्त लागलं होतं. म्हणून कराडला गेलो आणि कार्ड तिच्या हातात दिलं.

तिने चष्मा लावून वाचलं. म्हणाली, "म्हणजे खरा आहे ना?"

"खरा आहे गं आई. पण सिलोनी असल्याचा काही पुरावा नाही. तिप्पट पैसे घेतले आपल्याकडून."

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तुला काय वाटतं, मला कळत नव्हतं? घासाघीस करायची असते हे मला माहीत नाही? पण तू तिकडे एकटा बसला होतास, फोन उचलत नव्हतास. मला काहीतरी करायचं होतं. मुलासाठी घेताना भाव करू नये असं वाटलं."

यावर मी काय बोलणार? ज्याने तो भाव लावला, त्याला आईचं हे वाटणं बरोबर ठाऊक होतं. मला राग आहे तो त्याचा. आई दगडावर विश्वास ठेवते, हा तिचा प्रश्न आहे. ती घाबरलेली असताना तिला तिप्पट भाव लावला, हा व्यवहाराचा प्रश्न आहे.

म्हणून तुमच्या घरी कुणी खडा घेणार असेल तर वाद घालत बसू नका. सोबत जा. वजन कॅरटमध्ये किंवा ग्रॅममध्ये लिहून मागा. प्रयोगशाळेचं कार्ड मागा. 'सिलोनी' म्हणत असतील तर ते कार्डावर आहे का ते बघा, नसेल तर त्या शब्दाचे पैसे देऊ नका. आणि किमान तीन दुकानं फिरा. गार्नेटवर सहसा रंग वाढवायची प्रक्रिया करत नाहीत, त्यामुळे दगड खरा निघाला तर रंगही बहुतेक त्याचाच असतो. तेवढं एक सुख आहे.

माझी अंगठी? खडा पुन्हा बसवून घेतलाय. घालतो कधीकधी, कराडला जाताना. निघताना आईने दारातून हाक मारली, "तो दगड राहू दे तुझ्याकडे. माझी पाटली मात्र करून दे." दिवाळीपर्यंत करायचीय. सोन्याचा भाव बघितलात का हल्ली? राहू परवडला!

चला, आज इथेच थांबतो. तुमच्या घरी असा एखादा खडा असेल, त्याची काही गोष्ट असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात बोलू गुंजेबद्दलच, त्या लाल-काळ्या बीबद्दल, जिने आपलं सोनं शेकडो वर्षं तोललं. तोपर्यंत काळजी घ्या, आणि घरी फोन करा. उचलतील.